इर्शाळवाडीला हेलिकॉप्टर का पोहोचलं नाही? हवाई तळावर लढाऊ विमानांशिवाय नेमकं काय काय असतं?

१९ जुलै २०२३ ची रात्र. खालापूर तालुक्यात चौकजवळ, इर्शाळगडाच्या कुशीत वसलेल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीत राहणारे लोक होते २२८. वर जायला गाडीरस्ता नाही, फक्त पायवाट. तीही धो-धो पावसात, अंधारात, निसरडी. एनडीआरएफचे जवान, ठाण्याचं टीडीआरएफ पथक, अग्निशमन दल, आसपासचे गिर्यारोहक आणि गावकरी, सगळे चालतच वर गेले. नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा चढतानाच हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू झाला. जेसीबी वर नेणं शक्य नव्हतं, म्हणून ढिगारा कुदळ-फावड्याने उपसावा लागला. चार दिवसांनी शोधकार्य थांबलं तेव्हा २७ मृतदेह सापडले होते आणि ५७ जण बेपत्ता होते.

त्या दिवशी टीव्हीसमोर बसलेल्या प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न होता. हेलिकॉप्टर का येत नाही?

सरकारने उत्तरही दिलं होतं. हवाई दलाची दोन हेलिकॉप्टर सांताक्रूझला तयार होती, पण खराब हवामानामुळे ती उडू शकली नाहीत. सांताक्रूझ ते इर्शाळगड हे अंतर सरळ रेषेत मोजलं तर ४५ किलोमीटरच्या आसपास भरतं. एमआय-१७ सारख्या हेलिकॉप्टरला हे म्हणजे पंधरा मिनिटांचं काम. तरीही ते झालं नाही. हे नीट समजून घ्यायचं तर आधी हवाई तळ म्हणजे काय आणि तिथे कोण काय करतं, ते बघावं लागेल.

कर्जत-खालापूरच्या आजूबाजूला कोणते तळ आहेत?

या दोन तालुक्यांत एकही हवाई तळ नाही. पण दोन्ही बाजूंना आहेत.

घाट चढून गेलं की पुण्याचं लोहगाव. कर्जतपासून सरळ रेषेत साधारण ७५ किलोमीटर. १९३९ मध्ये, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, मुंबईच्या रक्षणासाठी इंग्रजांनी हा तळ उभारला. आज तो हवाई दलाच्या '२ विंग'चं घर आहे आणि गांधीनगरच्या दक्षिण-पश्चिम कमांडच्या हाताखाली येतो. १९९७ साली देशात पहिली सुखोई-३० विमानं आली ती इथेच आणि २००२ मध्ये सुखोई-३० एमकेआय दाखल झाली तीही इथेच. राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी २००६ मध्ये आणि प्रतिभाताई पाटील यांनी २००९ मध्ये सुखोईतून भरारी घेतली, तीसुद्धा लोहगावहूनच. प्रतिभाताई तेव्हा ७४ वर्षांच्या होत्या!

दुसरीकडे समुद्राच्या बाजूला कुलाब्याचं 'आयएनएस शिक्रा'. हा नौदलाचा हेलिकॉप्टर तळ. आधी त्याचं नाव 'कुंजाली-२' होतं, २००९ मध्ये ते 'शिक्रा' झालं. इथून कर्जत साधारण ५० किलोमीटर. म्हणजे रायगडच्या आतल्या भागात आभाळातून मदत यायची तर ती बहुतेक वेळा या दोन दिशांनी येणार. घाटावरून किंवा समुद्राकडून.

तळ म्हणजे फक्त धावपट्टी आणि विमानं का?

आपल्याला तसंच वाटतं. २६ जानेवारीचं संचलन बघून आपण हवाई दल म्हणजे पायलट असं धरून चालतो. प्रत्यक्षात तळ हे एक छोटं शहर असतं आणि त्यात पायलट हे अगदी थोडे.

लोहगावसारख्या मोठ्या तळाचा प्रमुख असतो एअर ऑफिसर कमांडिंग, हुद्दा एअर कमोडोर. त्याच्या हाताखाली कामाचे ढोबळमानाने तीन भाग पडतात. उड्डाण, देखभाल आणि प्रशासन. तळाला ही तिन्ही चाकं लागतात, एक जरी अडलं तरी विमान जमिनीवरच राहतं.

उड्डाणाच्या भागात स्क्वॉड्रन येतात. एका लढाऊ स्क्वॉड्रनमध्ये साधारण १६ ते १८ विमानं असतात. हेलिकॉप्टरसाठी मात्र 'हेलिकॉप्टर युनिट' असा वेगळा शब्द वापरतात. लढाऊ तळावर धावपट्टीच्या टोकाला 'ओआरपी' नावाची जागा असते. तिथे शस्त्रसज्ज विमानं आणि कपडे-बूट चढवून बसलेले पायलट तयार असतात. भोंगा वाजला की काही मिनिटांत विमान हवेत. लोहगावात राहणाऱ्यांना अवेळी कानठळ्या का बसतात, त्याचं एक कारण हेही.

मग येतात हवाई वाहतूक नियंत्रण आणि रडारवाले. पुण्याहून इंडिगो किंवा एअर इंडियाने जाणाऱ्या अनेकांना ठाऊक नसतं की पुणे विमानतळाची धावपट्टी हवाई दलाची आहे. प्रवासी टर्मिनल तेवढं विमानतळ प्राधिकरणाकडे, बाकी तळाचा कारभार हवाई दलाचा. म्हणूनच १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ या काळात हवाई दलाने धावपट्टीचं काम काढलं तेव्हा पुण्याची सगळी नागरी उड्डाणं १४ दिवस बंद होती.

देखभालीचा भाग सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी दिसणारा. प्रत्येक उड्डाणाआधी तपासणी, उतरल्यावर पुन्हा तपासणी, ठरावीक तास उडाल्यावर मोठी तपासणी. त्याहून मोठं काम निघालं तर विमान डेपोत जातं. महाराष्ट्र या बाबतीत नशीबवान आहे. नाशिकजवळच्या ओझरला हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो आहे आणि एचएएलचा कारखानाही. या सगळ्या डेपोंचा कारभार पाहणाऱ्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय नागपूरला आहे. थोडक्यात, लोहगावच्या सुखोईची शुश्रूषा ओझरला होते आणि त्याची सूत्रं नागपुरातून हलतात.

उरलेल्यांत गरुड कमांडो आहेत, २००४ मध्ये उभं राहिलेलं हवाई दलाचं स्वतःचं विशेष दल. पहारा देणारे डिफेन्स सिक्युरिटी कोअरचे जवान आहेत, त्यातले बरेचसे निवृत्तीनंतर पुन्हा भरती झालेले सैनिक. बांधकाम, वीज, पाणी सांभाळणारी एमईएस आहे. शिवाय दवाखाना, अग्निशमन, साठा सांभाळणारे, भटारखाना. आणि पक्षी हाकलणारेही! हे हसण्यावारी नेऊ नका. विमानाच्या इंजिनात घार शिरली तर कोट्यवधींचं नुकसान होतं, जीवही जातात. म्हणूनच विमानतळाच्या १० किलोमीटरच्या परिसरात उघड्यावर कचरा टाकायला आणि जनावरं कापायला कायद्याने बंदी आहे. पाळली किती जाते, ते पुणेकरांना विचारा.

एक विभाग मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. हवामान. हवाई दलाची स्वतःची हवामान शाखा असते. तळावरचा उड्डाणाचा दिवस सुरू होतो तो हवामान अधिकाऱ्याच्या माहितीने. ढग किती उंचीवर आहेत, किती लांबचं दिसतंय, वारा कुठून आणि किती. हा अधिकारी कधी बातमीत येत नाही, पण हेलिकॉप्टर उडणार की नाही हे ठरतं त्याच्या कागदावरून.

मग इर्शाळवाडीत अडलं कुठे?

डोंगराळ भागात बचावकार्य करणारं हेलिकॉप्टर डोळ्यांनी बघत उडतं. यंत्रांवर भरवसा ठेवून ढगांतून जाणं हे विमानतळ ते विमानतळ प्रवासात ठीक आहे. तिथे दोन्ही टोकांना रडार आणि मोकळी जागा असते. सह्याद्रीत ढगाच्या आत काय असतं? कातळ.

इर्शाळगडाची उंची सुमारे ३,७०० फूट. जुलैमध्ये कर्जत लोकलमधून जाताना बाहेर बघा, माथेरानचा अख्खा डोंगर ढगात गायब असतो. ढगांचा तळ डोंगराच्या माथ्यापेक्षा खाली आला की पायलटला कडा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. त्यात पश्चिमेकडून येणारा मोसमी वारा सह्याद्रीवर आदळून वर उसळतो आणि पलीकडे खाली कोसळतो. हेलिकॉप्टर एका जागी तरंगत ठेवायचं असताना असा वारा फार घातक.

आणखी एक गोष्ट कुणी फारशी बोलत नाही. एमआय-१७ व्ही-५ पूर्ण भरलं तर १३ टन वजनाचं होतं. एवढं वजन हवेत तोलून धरताना पंखांखालून जो झोत येतो तो पत्रे उडवतो, माणसं पाडतो. ताज्या कोसळलेल्या, पाण्याने भिजलेल्या दरडीवर, जिथे खाली माणसं अडकलेली असू शकतात, तिथे तो झोत नेणं हीसुद्धा जोखीम आहे.

म्हणजे तळ जवळ होता, हेलिकॉप्टर होतं, माणसंही तयार होती. आडवं आलं ते आभाळ. आणि आपल्याकडे दरडी नेमक्या अशाच आभाळाखाली कोसळतात.

पण मग पावसात हेलिकॉप्टरचा उपयोगच नाही का?

आहे. पुराच्या वेळी जास्त, कारण पूर सपाटीवर येतो आणि अनेकदा पाऊस उघडल्यावरही पाणी साचून राहतं. ४ ऑगस्ट २०१९ ला ठाणे जिल्ह्यात खडवलीजवळच्या जू-नांदखुरी गावाला पाण्याने वेढलं, तेव्हा हवाई दलाच्या एमआय-१७ ने ५८ जणांना उचलून आणलं. त्यात लहान मुलंही होती.

त्याच्या आठवडाभर आधीची गोष्ट कर्जतकर विसरलेले नाहीत. मुंबईहून कर्जतमार्गे कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात अडकली. आत सुमारे १,०५० प्रवासी, त्यात नऊ गर्भवती. २७ जुलैला नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टर निघाली, पण प्रवासी बाहेर काढण्याचं खरं काम केलं एनडीआरएफच्या बोटींनी, जवानांनी आणि गावकऱ्यांनी. माझ्या मते यातून तळाचं काम नीट कळतं. हेलिकॉप्टर हे बचावाचं एक साधन आहे, अख्खा बचाव नव्हे.

२२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळली तेव्हा रस्तेच पाण्याखाली होते आणि मदत दुसऱ्या दिवशी पोहोचली. त्या पुरात पोलादपूर-महाडकडे 'शिक्रा'वरून नौदलाचं सी किंग हेलिकॉप्टर गेलं होतं.

तळाची मदत नेहमी दोरीला लटकून येते असंही नाही. एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजनसाठी हाहाकार माजला होता. तेव्हा हवाई दलाच्या सी-१७ विमानाने पुण्याहून रिकामे ऑक्सिजन टँकर जामनगरला नेले. रिकामेच का? कारण भरलेला द्रवरूप ऑक्सिजन विमानातून नेणं धोक्याचं. जाताना विमान, येताना जमिनीवरून. एका बाजूचा वेळ वाचला, तेवढाही तेव्हा मोलाचा होता.

आणि तळ स्वतःच्या माणसांसाठीही शोध-बचावाची सोय ठेवतो. १४ ऑक्टोबर २०१४ ला लोहगावचं सुखोई थेऊरजवळ कोसळलं. दोन्ही पायलट बाहेर फेकले जाऊन वाचले. लढाऊ विमानं हवेत असताना शोधासाठी कुणीतरी तयार का ठेवायचं असतं, ते अशा वेळी कळतं.

हेलिकॉप्टर बोलवायचं कुणी, आणि पैसे कोण देतं?

तुम्ही-आम्ही थेट तळाला फोन करून चालत नाही. तहसीलदारांकडून माहिती अलिबागला जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. तेच जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. तिथून मंत्रालयातल्या राज्य नियंत्रण कक्षाकडे आणि पुढे सैन्यदलांकडे मागणी होते. वाचायला लांबलचक वाटतं, पण यंत्रणा जागी असेल तर फोनवर भराभर होतं. एनडीआरएफचं पाचवं बटालियन तर तळेगावजवळ सुदुंबऱ्यालाच आहे, खंडाळ्याचा घाट उतरलं की खालापूर.

पैशांचं म्हणाल तर ही सेवा फुकट नाही. नागरी प्रशासनाच्या मदतीला सैन्य आलं की त्याचा खर्च राज्याकडे मागितला जातो. २०२४ मध्ये केंद्राने केरळकडे आधीच्या अनेक वर्षांतल्या हवाई बचावाचे मिळून सुमारे १३२ कोटी रुपये मागितले, त्यात वायनाडच्या दरडीचाही खर्च होता. त्यावरून मोठा वाद झाला.

हेलिकॉप्टर आलंच तर गावाने काय करायचं?

हे वाडीवस्तीवर कुणी सांगत नाही, म्हणून इथे देतोय. सपाट, टणक, विजेच्या तारा आणि झाडं नसलेली जागा आधीच हेरून ठेवा. शाळेचं मैदान बहुतेक ठिकाणी चालतं. पत्रे, ताडपत्र्या, प्लास्टिक आधी गोळा करून दाबून ठेवा. वारा कळावा म्हणून काठीला कापड बांधा. गर्दी लांब ठेवा, मुलांना तर नक्कीच. आपल्याकडे हेलिकॉप्टर दिसलं की अख्खं गाव धावतं, मीही धावलोय. उतरलेल्या हेलिकॉप्टरकडे मागच्या बाजूने कधीच जायचं नाही, शेपटीचा पंखा फिरताना दिसत नाही. खूण केल्याशिवाय जवळ जायचं नाही. वरून दोर किंवा हुक सोडला तर तो आधी जमिनीला टेकू द्या, मगच हात लावा. उडताना हेलिकॉप्टरवर स्थिर वीज साचते आणि तिचा जोरदार झटका बसतो.

आणि फोन करायचा तो जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ वर किंवा ११२ वर. गावाचं नाव, जवळचा मोठा रस्ता, अडकलेले आणि जखमी किती, गाडी कुठपर्यंत येते आणि समोरचा डोंगर दिसतोय की ढगात आहे, एवढं सांगा. शेवटची गोष्ट सहसा कुणी सांगत नाही, पण तळावरच्या हवामान अधिकाऱ्याला नेमकी तीच हवी असते.