प्लेग, भोंगा आणि आपली भीती



२०२०च्या करोनात टीव्हीवरचे अर्थपंडित एक वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होते. लॉकडाऊन उठला तरी धंदा उठत नाही, कारण लोकांच्या मनात भीती बसलीय. भीती गेली की बाजार आपोआप उठेल. वाक्य खोटं नाही. सरकारनं हुकूम काढला म्हणून गिऱ्हाईक दारात येत नाही, आणि भोंगा वाजला म्हणून कामगार खात्यात येत नाही. जीव सगळ्यांनाच प्यारा असतो. पण या वाक्यात एक लबाडी आहे. 'लोक' म्हणजे कोण, ते सांगत नाही. माडीवरच्याची भीती आणि चाळीतल्याची भीती एकच काय? माडीवरच्याला रोग घरात शिरेल याची भीती. चाळीतल्याला रोगाची आहेच, वर पोलिसाची आहे, इस्पितळाची आहे, बुडालेल्या पगाराची आहे. ही दुसरी भीती कुणी मोजत नाही. आणि कामधंदा तिच्याचपाशी अडकलेला असतो.

हे मी हवेत बोलत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबई-पुण्यात हाच प्रश्न उभा राहिला होता. पाठ्यपुस्तकात त्यातलं फक्त रँडचं प्रकरण येतं. बाकीचं आपण शोधून काढायचं.

१८९६चा सप्टेंबर. मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोवेकर डॉक्टरला गाठीच्या तापाचे रोगी सापडले. प्लेग. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेला व्यापारी भाग, धान्याच्या वखारींचा. जिथं धान्य तिथं उंदीर, आणि जिथं उंदीर तिथं त्याच्या अंगावरची पिसू. पिसवेचं हे काम १८९८ साली सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं दाखवून दिलं, पण शास्त्रज्ञांनी ते मान्य करायला आणखी बरीच वर्षं घेतली. तोवर दोष कुणाला? चाळीला, झोपडीला, गरिबाच्या घाणीला. रोग शेठजीच्या वखारीत उगवला आणि फिनेल आमच्या दारात ओतलं गेलं.

मग शहर पळालं. १८९१च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. १८९७च्या फेब्रुवारीपर्यंत त्यातली जवळजवळ चार लाख माणसं निघून गेली. रेल्वे भरून गेल्या, बोटी भरून गेल्या, कोकणचा कामगार मिळेल त्या वाटेनं घराकडं निघाला. सत्तरच्या आसपास गिरण्या, सत्तर-पंचाहत्तर हजार कामगार. माग होते, कापूस होता, बाजारपेठ होती. हात नव्हते.

कामगार नुसता प्लेगाला भ्याला नव्हता. ६ ऑक्टोबर १८९६ला म्युनिसिपालिटीनं जाहीर केलं की रोग्याला जबरदस्तीनं इस्पितळात नेता येईल. नेलेला माणूस बहुतेक परत येत नसे. तेव्हा अफवा उठल्या. इस्पितळात माणसं मारून त्यांचं तेल काढतात. राणीच्या पुतळ्याला कुणी डांबर फासलं म्हणून राणीनं काळजं मागितलीत. सुशिक्षित लोक या अफवांना आजही हसतात. पण ज्याच्या बापाला उचलून नेलं आणि मुडदासुद्धा धड दिला नाही, त्यानं दुसरं काय समजायचं? २९ ऑक्टोबरला हजारेक गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. दुसऱ्याच दिवशी हुकूम सैल झाला.

का झाला? इथं आपल्या इतिहासाचं एक पान आहे. म्युनिसिपल कमिशनर होता स्नो नावाचा साहेब. त्याला मोठी धास्ती होती ती एका जमातीची. ज्यांना तेव्हाच्या कागदात हलालखोर म्हणत, म्हणजे मैला वाहणारे, गटारं उपसणारे, रस्ते झाडणारे. हे लोक भिऊन गाव सोडून गेले तर मुंबई राहण्यालायक उरणार नाही, हे साहेबाला पक्कं कळलं होतं. गव्हर्नर गेला तर शहर चालतं, शेठ गेला तर चालतं. झाडूवाला गेला तर आठ दिवसांत शहर सडतं. ज्यांची सावली नको होती, त्यांच्या भीतीपुढं सरकारला वाकावं लागलं. ही ताकद आपल्या माणसांच्या हातात होती. ती संघटित नव्हती, एवढंच.

आता गिरणीकडं वळू. त्या काळात पगार महिन्याचा, आणि तोसुद्धा मागं ठेवलेला. केलेल्या कामाचे पैसे मालकाकडं अडकलेले असत. कामगारानं पळून जाऊ नये म्हणून घातलेली ती पायातली दोरी. प्लेगमध्ये कामगारानं अडकलेल्या पैशावर पाणी सोडलं आणि निघून गेला. मागं जे उरले त्यांनी साफ सांगितलं: उद्या जिवंत राहू की नाही ठाऊक नाही, महिनाअखेरीची भाषा कशाला? रोजचा पगार रोज संध्याकाळी हातावर ठेवा. मालकांना ठेवावा लागला. एवढंच नाही, नाक्यानाक्यावर कामगारांचा लिलाव सुरू झाला. या गिरणीचा माणूस दोन पैसे जास्त बोलला की त्या गिरणीचा चार बोलायचा. एकी करून मजुरी दाबणारे मालक एकमेकांचे कामगार पळवू लागले.

भिऊन थांबलेली गिरणी कशानं हलली, ते या नाक्यावर दिसतं. मालकानं धीर धरा म्हणून भाषण केलं नाही. पोलीस पाठवूनही माग फिरला नसता. माग फिरला तो रोख पैशानं. ज्याच्या हातात आज संध्याकाळी पैसे पडणार, ज्याला उद्या वाटलं तर गावी जाता येणार, तोच भीती पोटात घेऊन खात्यात उभा राहिला. माणसं परत येण्याला दुसरंही कारण होतं. दख्खनात १८९६-९७चा दुष्काळ पडला होता. गावात पोट भरत नव्हतं. एका हाताला प्लेग आणि दुसऱ्या हाताला भूक, यातली भूक जिंकली की कामगार 'धाडसी' होतो! अर्थपंडित त्याला बाजार सावरला असं म्हणतात.

कामगाराच्या या घडीला त्याचा पुढारी मात्र उरला नाही. ज्यांनी १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून दिली, ते सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे प्लेगच्या रोग्यांसाठी धावता धावता त्याच रोगानं ९ फेब्रुवारी १८९७ला गेले.

सरकारला कशाची भीती होती? व्यापाराची. मुंबईचा माल आणि मुंबईची बोट युरोपच्या बंदरात घेतील की नाही, याची. त्याच वर्षी व्हेनिसला राष्ट्रांची परिषद भरली ती याच काळजीनं. ४ फेब्रुवारी १८९७ला साथीच्या रोगांचा कायदा झाला. घरात शिरा, माणूस उचला, सामान जाळा, गाडी अडवा, सगळी मुभा सरकारला. रोग्याच्या घरी चूल कशी पेटेल, बुडालेली मजुरी कोण देईल, यावर त्या कायद्यात एक ओळ नाही.

तो कायदा घेऊन रँड पुण्यात आला. मार्चमध्ये गोरे सोजीर पेठापेठांतून घरं तपासायला लागले. देवघरापासून माजघरापर्यंत बूट गेले, बायाबापड्यांची विटंबना झाली. हा जुलूमच होता, त्याची बाजू कुणी घेऊ नये. पण परिणाम काय झाला ते बघा. लोक रोगी लपवू लागले, मुडदे लपवू लागले. लपवलेला रोग वाढतो. ज्यांना जमलं ते गाव सोडून गेले, बाजार ओस पडला. सोजिरानं प्लेगच्या भीतीवर आणखी एक भीती चढवली. २२ जून १८९७ला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडला गोळी घातली, आणि पुण्याच्या प्लेगचा इतिहास त्या गोळीपाशी येऊन थांबला. पुस्तकवाल्यांना तेवढाच पुरला.

त्याच पुण्यात, त्याच मार्चमध्ये, दुसरी एक गोष्ट घडली. सावित्रीबाईंनी मुलाला, डॉक्टर यशवंताला, बोलावून घेतलं आणि शहराबाहेर हडपसरकडं ससाणे मळ्यात दवाखाना काढला. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग बाबाजी गायकवाड नावाचा पोर प्लेगनं पडला. सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतला आणि दवाखान्यात आणला. पोर जगला. सावित्रीबाई १० मार्च १८९७ला गेल्या.

सोजीर रोग्याला नेत होता, सावित्रीबाईही नेत होत्या. दोन्हीकडं माणूस घरातून दवाखान्यातच चालला होता. मग एकाला बघून लोक दार लावतात आणि दुसरीच्या पाठीवर पोर देतात, असं का? कारण तिनं त्या महारवाड्याला पन्नास वर्षं हात लावला होता. तिनं शाळा काढली, तिनं हौद खुला केला. साथ आल्यावर एका दिवसात विश्वास विकत मिळत नाही. आणि विश्वासावाचून भीती जात नाही, भीती गेल्यावाचून दुकान उघडत नाही.

सरकारलाही हे उशिरा कळलं. ९ मार्च १८९८ला मुंबईत मदनपुऱ्यात एका आजारी पोरीवरून जुलाहे विणकर उसळले, दंगल झाली, पाठोपाठ गोदीत आणि गाडीवाल्यांत काम थांबलं. त्यानंतर जबरदस्ती कमी होत गेली, समजावणी वाढली, हाफकिन साहेबाची लस ज्याला पाहिजे त्याला, असं धोरण आलं. प्लेग पुढं वर्षानुवर्षं परत येत राहिला, देशभर एक कोटीहून जास्त माणसं त्यानं खाल्ली. पण सगळं शहर एकदम ओस पडणं कमी झालं.

मालकही सावरले. घाबरट दिवस ओसरले तसा नाक्यावरचा लिलाव बंद झाला, रोजचा पगार गेला, मागं ठेवलेला महिना परत आला. माडीवरच्याची भीती मात्र दगडात बांधली गेली. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, रुंद रस्ते निघाले, आणि पहिल्या वीसेक वर्षांत गरिबाच्या खोल्या पाडल्या जास्त, बांधल्या कमी. आणि आपल्याला काय मिळालं? १९२८च्या संपातसुद्धा बाबासाहेबांना विचारावं लागलं की विणकाम खातं अस्पृश्याला बंद का? धोट्याचा धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून महाराचा ओठ नको. प्लेगला भिणारा गडी वर्षा-दोन वर्षांत परत खात्यात उभा राहिला. आमच्या थुंकीची त्याची भीती तीस वर्षांनीही उतरली नव्हती.

आता २०२० बघा. महाराष्ट्रातले पहिले करोनाचे रोगी ९ मार्चला आपल्या पुण्यात सापडले. रोग आला विमानानं. १३ मार्चला राज्य सरकारनं काढला तो १८९७चाच कायदा. २४ मार्चच्या रात्री चार तासांची मुदत देऊन देश बंद झाला. त्या रात्रीच्या हुकुमात मजुरी कोण देईल यावर पुन्हा ओळ नाही. भवानी पेठ, ताडीवाला रोड, येरवडा इथं पत्रे ठोकून वस्त्या बंद केल्या. पावसाळ्यात पाच भागांत रक्त तपासलं तर निम्म्याहून जास्त लोकांना रोग होऊन गेलेला. दहा बाय दहाच्या खोलीत सहा फुटांचं अंतर कुठून आणायचं? पण 'अंतर ठेवा' हा शब्द आपल्याला नवा नव्हता. मडकं गळ्यात बांधायला लावणाऱ्या गावाची ती जुनीच बोली आहे.

या बंदीतही कचरा वेचणाऱ्या आपल्या आयाबहिणी पुण्याच्या दारोदार फिरत होत्या. टाळ्या वाजल्या, थाळ्या वाजल्या. स्नो साहेबाला निदान त्यांची धास्ती तरी वाटली होती. आताच्यांना तीही वाटली नाही.

बाकीचे चालत निघाले. ८ मे २०२०च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. त्यांच्या भाकऱ्या रुळावर पडल्या होत्या. आणि त्या एप्रिल ते जूनमध्ये देशाचं उत्पन्न, सरकारच्याच पहिल्या हिशेबात, जवळजवळ २४ टक्क्यांनी घसरलं. मग कारखानदार आणि बिल्डर गावोगाव फोन करू लागले, आगाऊ पैसे पाठवू लागले, बसगाड्या धाडू लागले. १८९७चा नाका पुन्हा भरला. पण आपण तिथं पुन्हा एकेकटेच उभे होतो. कुणी दोन पैसे जास्त घेतले, कुणी तेही नाही. रोजचा पगार, आजारपणाची भरपगारी रजा, वस्तीत दवाखाना, हे एकानंही लिहून घेतलं नाही. मीही नाही घेतलं.

म्हणून कार्यकर्त्यांना सांगणं एवढंच. साथ पुन्हा येईल. तेव्हा 'लोकांची भीती घालवा' म्हणून पत्रकं वाटायला आपल्यालाच वस्तीत पाठवतील. जायचं, लस सांगायची, अफवा खोडायची. ते सावित्रीबाईंचंच काम आहे. पण जाण्याआधी विचारायचं: या माणसाचा बुडालेला रोज कोण देणार? घरात आजारी पडला तर चूल कोण पेटवणार? आणि हे साथ आल्यावर नाही, आजपासून विचारायचं. आपापल्या वस्तीत २०२०मध्ये कोण गेलं, कुणाचं काम सुटलं, कुणी किती कर्ज काढलं, याची वही घाला. त्या माणसांकडं बसा, विचारा, लिहा. १८९७ची आपली वही कुणी घातली नाही, म्हणून आज आपला इतिहास साहेबाच्या रिपोर्टातून उकरावा लागतो.

जयभीम.