आजोबांचा रेडिओ आणि त्यातला कंडेन्सर

रत्नागिरीस आमच्या घरी ओटी आणि माजघर यांच्यामधील भिंतीला एक रुंद फळी होती. तिच्यावर आजोबांचा रेडिओ असे. १९५८ साली त्यांनी तो घेतला. रेडिओ ऐकण्यासाठी पोस्टात वर्षाचे पैसे भरून परवाना घ्यावा लागे, तो हा काळ. सकाळच्या बातम्या लागल्या की शेजारचे दोघे-चौघे ओटीवर येऊन बसत आणि बातम्या संपेपर्यंत घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. हे सारे मला आत्याने सांगितलेले. मला कळू लागले तेव्हा रेडिओ फळीवरच होता, पण त्याच्यावर विणलेला रुमाल अंथरून कोणीतरी फुलदाणी ठेवली होती.

२००९ साली घर आवरताना तो मी मागून घेतला आणि नोकरीच्या गावी, दिल्लीस, नेला. सुमारे पंचवीस वर्षे त्यातून वीज वाहिलेली नव्हती. मी धूळ पुसली, नवी तार बसवली आणि बटण फिरवले. तबकडीमागचा दिवा लागला, व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले, मग एक जाड घुमारा सुरू झाला आणि त्याच्या तळाशी, विहिरीतून यावा तसा, माणसाचा आवाज. मला कोण आनंद झाला! दहा-बारा मिनिटांनी जळक्या रोगणाचा वास आला आणि आवाज थांबला तो थांबलाच. स्पीकरला आवाज पुरवणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळून गेला होता.

श्रोतेहो, अपराध माझ्या उतावळेपणाचा. परंतु ज्या वस्तूच्या हातून तो घडला, ती करंगळीएवढी, मेणात बुडवलेली एक कागदी नळी होती. पाठ्यपुस्तकांत तिला धारित्र म्हणतात, बाजारात कंडेन्सर. पुढची दोन वर्षे सुटीच्या दिवशी मी या वस्तूच्या मागे लागलो. जुना रेडिओ पुन्हा बोलता करताना तिच्या जागी काय घालावे, एवढाच माझा प्रश्न होता. पण तो सोडवताना तिचा इतिहास जाणून घेतल्यावाचून गत्यंतर नाही, असे माझ्या ध्यानात आले.

‘कंडेन्सर’ हा शब्दच मुळी पुराणवस्तू आहे. वीज हा एक सूक्ष्म द्रव आहे अशी समजूत असण्याच्या काळात, १७८२ साली, इटलीतील व्होल्टाने विजेला दाटून ठेवणारे साधन या अर्थाने हे नाव योजले. इंग्रजीत पुढे त्याची जागा ‘कपॅसिटर’ने घेतली. तथापि पुण्याच्या तपकीर गल्लीत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या लजपतराय मार्केटात जाऊन कंडेन्सर मागावा. दुकानदार तो निमूटपणे काढून देतो.

वस्तू नावाहूनही जुनी. १७४५ साली पोमेरेनियात फॉन क्लाइस्ट या धर्माधिकाऱ्याला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत हॉलंडमधील लायडेन येथे मुसेनब्रूक या प्राध्यापकाला, असे आढळले की हातात धरलेल्या काचेच्या बरणीत वीज साठून राहते. यंत्र दूर केले तरी ती जात नाही. बेसावध माणूस शिवला की त्याला जबर हिसका देते. मुसेनब्रूकने तर पॅरिसला पत्र लिहून हा प्रयोग आपण पुन्हा करणार नाही असे कळवले. फ्रान्समध्ये नोले नावाच्या पंडिताने राजासमोर १८० शिपायांना हातात हात धरून उभे केले आणि बरणीतली वीज त्यांच्यातून सोडली. सगळे एकदम उडाले म्हणतात. आज या कथेला हसू येते. पण जुना रेडिओ उघडणाऱ्याने ती विसरू नये. बटण बंद करून, तार काढून ठेवल्यावरही आतल्या मोठ्या कंडेन्सरांत दोन-अडीचशे व्होल्टांची वीज दबा धरून बसलेली असू शकते. प्रथम ती रोधकातून वाहून जाऊ द्यावी, मापकावर शून्य पाहावे आणि मगच हात घालावा.

लायडेनच्या बरणीत तत्त्व एवढेच होते : दोन वाहक आणि त्यांच्यामध्ये विजेला न जुमानणारा एक पडदा. तेव्हा तो पडदा काचेचा होता. त्यानंतरच्या पावणेतीनशे वर्षांत तत्त्व बदललेले नाही. बदलत आला तो पडदा. आजोबांचा रेडिओ उलटा करून त्याचे पोट पाहिले, तेव्हा या इतिहासातील तीन कालखंड मला तेथे शेजारी शेजारी डाखलेले दिसले.

पहिला कागदाचा. १८७६ साली फिट्झजेराल्ड याने मेणात भिजवलेल्या कागदाचा कंडेन्सर तयार केला. धातूच्या पातळ पत्र्याच्या दोन पट्ट्या, मध्ये कागद, आणि सारे गुंडाळून मेण. इतकी स्वस्त वस्तू दुसरी नव्हती आणि रेडिओचा धंदा वाढला तो तिच्या जिवावर. पण कागद हा शेवटी कागद. तो पाणी पितो. मेणाला चीर गेली की हवेतला ओलावा आत शिरतो आणि विजेला वाट मिळते. कोकणातला आषाढ-श्रावण ज्याने पाहिला आहे, जेथे पेटीतल्या पुस्तकांना बुरशी येते आणि मिठाच्या बरणीत पाणी होते, त्याला हे निराळे सांगावयास नको. आमच्या रेडिओने असे पन्नासावर पावसाळे पाहिले होते.

दुसरा अभ्रकाचा. १९०९ साली विल्यम डुबिलिए याने अभ्रकाचे पापुद्रे वापरून कंडेन्सर बनवला. अभ्रक ओलावा पीत नाही, उष्णतेने बदलत नाही. केंद्र जुळवण्याच्या नाजूक भागात म्हणूनच ते वापरत. या पापुद्र्यांच्या अभ्रकात आपला देश एके काळी जगात अग्रेसर होता. कोडरमा, गिरिडीह आणि नेल्लोर येथील खाणींतून ते देशोदेशी जाई. माझ्या रेडिओतले अभ्रकाचे कंडेन्सर मी एकेक करून तपासले आणि एकालाही हात न लावता सोडून दिले. जे शाबूत आहे ते केवळ जुने म्हणून उपटणे हा दुरुस्तीचा नव्हे, नासधुशीचा मार्ग होय. नवशिके तेथेच चुकतात.

तिसरा प्रकार सर्वांत विलक्षण. १८९६ साली कारोल पोलाक याने ॲल्युमिनियमवर विजेच्याच साहाय्याने ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर धरवला आणि त्या थरालाच पडदा केले. पडदा जितका पातळ तितकी साठवण अधिक. पुढे १९२५ साली सॅम्युअल रुबेन याने द्रवाच्या जागी लगद्याने भिजलेला कागद घालून तो कोरडा, आटोपशीर केला. याच सुमारास रेडिओ बॅटऱ्या सोडून घरातल्या विजेवर चालू लागले होते. घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. ती एकदिश केल्यावर १०० हेलकावे उरतात आणि तेच स्पीकरमधून घुमत राहतात. ते शांत करण्यास मोठी साठवण लागते. ती या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सराने अल्प खर्चात दिली. मात्र त्याचा पडदा विजेवर जगतो. वर्षानुवर्षे वीज मिळाली नाही की थर क्षीण होतो, ओल सुकते, आणि एके दिवशी अचानक पूर्ण दाब आला म्हणजे तो कोसळतो.

आता माझ्या हातून झालेल्या अनर्थाकडे वळतो. पहिल्या ध्वनिवर्धक व्हॉल्व्हकडून शेवटच्या ईएल ८४ या व्हॉल्व्हकडे आवाज नेणारा एक कागदी कंडेन्सर असतो. त्याचे काम आवाजाला वाट देणे आणि स्थिर दाबाला अडवणे. ईएल ८४च्या जाळीवर सुमारे उणे ७ व्होल्ट असावे लागतात. तोच त्याचा लगाम. जाळीचा रोधक ५ लाख ओहमचा धरला आणि कंडेन्सरातून केवळ १० मायक्रोॲम्पिअर, म्हणजे एका ॲम्पिअरचा एक लक्षांश भाग, झिरपू लागला, तर जाळीवर ५ व्होल्ट उलट चढतात. लगाम सुटला. व्हॉल्व्ह बेफाम वीज ओढतो, आणि ती ज्या केसासारख्या तारेतून जाते ती ट्रान्सफॉर्मरची तार जळते. खेदाची गोष्ट अशी की साध्या मापकाने हा कंडेन्सर पाहिला असता निर्दोष दिसला असता. मापकाचा दाब दोन-चार व्होल्टांचा. रोग दिसतो तो शंभर-दोनशे व्होल्टांवर. म्हणून माझे मत आता ठाम आहे. जुन्या संचातला कागदी कंडेन्सर, विशेषतः या जागेवरचा, न तपासता बदलावा. जुन्या कारागिरांचा सिरीज बोर्ड, म्हणजे वाटेत एक विजेचा दिवा घालून पहिल्यांदा वीज देण्याची युक्ती, मी वापरली असती तर निदान थोडा अवधी मिळाला असता.

बदलावे कशाने? जुने पण न वापरलेले कंडेन्सर मिळतात, आणि अस्सलपणाच्या हौसेने लोक ते चढ्या भावाने घेतात. हा भ्रम आहे. चांगल्या खोक्यातला व्हॉल्व्ह साठ वर्षांनीही बहुधा चालतो. कागदी आणि इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर मात्र खोक्यातच म्हातारे होतात. कागदाच्या जागी मी पॉलिएस्टरच्या पापुद्र्याचे घातले. हे प्लास्टिक १९५०नंतरच्या दशकात या कामी आले आणि त्याने कागदाची सद्दी संपवली. जेथे ४०० व्होल्टांचा होता तेथे ६३० व्होल्टांचा घेतला. दाबाची क्षमता जास्त असल्याने बिघडत नाही, कमी असल्याने बिघडते. जुना ०.०५ मायक्रोफॅरडचा आज मिळत नाही, ०.०४७ मिळतो, त्याची चिंता नको, कारण जुन्या मालात याहून मोठी तफावत सर्रास चाले. जुन्या नळीच्या एका टोकाला काळी रेघ असते. ती ऋण टोकाची खूण नव्हे. बाहेरचा पत्रा कोणत्या टोकाशी जोडला आहे, एवढेच ती सांगते. इलेक्ट्रोलिटिकवरील खूण मात्र खरोखरच धन-ऋणाची असते आणि तेथे उलटसुलट झाल्यास स्फोटही होतो.

मोठ्या कंडेन्सरांच्या बाबतीत मोह होतो तो आकड्याचा. माझ्या संचात ५० आणि ५० मायक्रोफॅरड एका नळकांड्यात होते. आज तितक्याच जागेत २२० बसतात. मग का बसवू नयेत? कारण त्यांच्या आधी ईझेड ८० हा व्हॉल्व्ह आहे आणि त्याच्या लगतच्या कंडेन्सराला निर्मात्याने ५० ही कमाल मर्यादा घातली आहे. त्याहून मोठा कंडेन्सर भरताना तो व्हॉल्व्हकडून न झेपेल इतकी वीज ओढतो. मी ४७चे दोन घेतले, ४५० व्होल्टांचे, १०५ अंश उष्णता सोसणारे. दहा अंश उष्णता वाढली की अशा कंडेन्सराचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा ठोकताळा आहे. बंद लाकडी पेटीत, तापलेल्या व्हॉल्व्हशेजारी, आपल्याकडच्या मे महिन्यात त्याची आठवण ठेवलेली बरी. विजेच्या तारेपासून सांगाड्याकडे जाणारा एक लहान कंडेन्सर असतो, त्याच्या जागी सुरक्षिततेसाठीच बनवलेला वाय वर्गाचा घालावा. येथे काटकसर करू नये. तो निकामी होताना जोडला जाण्याऐवजी तुटावा अशी त्याची रचना असते, आणि सांगाड्याला हात लावणाऱ्याचा जीव त्यावर अवलंबून असतो.

सोन्याच्या मोलाने विकले जाणारे, आवाजात गोडवा भरतात असे सांगितले जाणारे कंडेन्सरही पाहिले. घेतले नाहीत. १९५८च्या लाकडी पेटीत आणि एकुलत्या एका स्पीकरात तो गोडवा कोठे मावणार, हे मला समजले नाही.

जळलेला ट्रान्सफॉर्मर एका वृद्ध कारागिराने पुन्हा गुंडाळून दिला. २०१२च्या मे महिन्यात मी रेडिओ रत्नागिरीस नेला, त्याच फळीवर ठेवला आणि आत्याला खुर्ची दिली. मध्यम लहरींवर केंद्र लागले. आवाज स्वच्छ होता. मागे घुमारा नाही, खरखर नाही. आत्या बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, “आवाज चांगला आहे रे. पण आपला नाही वाटत. आपला घुमायचा.”

मी विचारले, “पहिल्यापासून घुमायचा?”

तिला ते आठवेना. १९७१च्या लढाईच्या बातम्या ऐकताना घुमत होता, दादा त्याच्यावर थाप मारायचे, एवढे तिला पक्के ठाऊक होते. म्हणजे तेरा वर्षांत मोठा कंडेन्सर सुकू लागला होता. तिच्या कानांत घराचा आवाज म्हणून जो राहिला, तो त्या सुकत्या कंडेन्सराचा होता. १९५८ साली रेडिओ नवा आला तेव्हाचा आवाज बहुधा मी आता लावला होता त्याच्याच जवळचा. पण तो ओळखणारे आता घरात कोणी उरले नव्हते. दुसरा कंडेन्सर लहान घातला की घुमारा परत आणता येतो. क्षणभर तसे करावे असे मनात आले, नाही असे नाही. केले नाही.

बदललेल्या कागदी नळ्या मी एका डबीत घालून, प्रत्येकीला जागेची आणि तारखेची चिठ्ठी बांधून, पेटीच्या आत ठेवल्या आहेत. नोंद ठेवण्याची सवय सरकारी नोकरीची. आत्याने डबी हलवून पाहिली आणि विचारले, “घुमायचा तो यांतला कोणता?”

“यांत नाही,” मी म्हटले, आणि मागचा पुठ्ठा काढून तिला ते ॲल्युमिनियमचे नळकांडे दाखवले. ते जागच्या जागीच उभे आहे. त्याच्या खालच्या तारा तेवढ्या मी सोडवल्या आहेत.