ताटाची डावी बाजू

'चरकसंहिते'तला पक्षवध सातारा-सांगलीकडे घरोघरी अर्धांगवायू म्हणून ओळखला जातो. दोन्ही शब्द अर्ध्या अंगाचे; हरवलेले अर्धे जग त्यांत मावत नाही. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली, की कित्येकांचे डावीकडचे भानच जाते. १९७८ साली बिसियाक आणि लुझाट्टी यांनी मिलानमधल्या दोन रुग्णांना तिथला कॅथीड्रलचा चौक आठवून सांगायला लावला. डावीकडच्या इमारती सुटल्या. मनातल्या मनात उलट तोंड करताच त्याच आठवल्या, आधीच्या गळाल्या. म्हणजे दोष डोळ्यांचा नव्हे, अवधानाचा. आपल्या ताटात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. 'चटणी वाढलीच नाही' म्हणणाऱ्या आजोबांना हट्टी ठरवण्याआधी ताट फिरवून पाहावे.