कागलला गेलो आणि पत्ता चुकला

आजचा भाग माझ्या फजितीपासून सुरू करतो.

कोल्हापूरला गेलो होतो. एसटी पकडली आणि वीसेक किलोमीटरवरच्या कागलला उतरलो. राजर्षी शाहू महाराज कागलच्या घाटगे घराण्यातले, म्हणजे जन्मस्थळ इथंच, असं मी धरूनच चाललो होतो. गैबी चौकात चहा पिता पिता एका आजोबांना विचारलं. ते हसले. "पावणं, चुकलासा की! जन्म बावड्यातला. कोल्हापूर सोडून इकडं कशाला आलासा?"

खरंच की. २६ जून १८७४ ला कसबा बावड्यातल्या लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये महाराज जन्मले. नाव यशवंतराव. कागल ही वडिलांची, जयसिंगराव घाटग्यांची जहागीर. १७ मार्च १८८४ ला कोल्हापूरच्या आनंदीबाई राणीसाहेबांनी त्यांना दत्तक घेतलं. वय वर्षं नऊ. यशवंतरावाचे शाहू झाले.

२ एप्रिल १८९४ ला कारभार हातात आला, तेव्हा वय एकोणीस. दरबारच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. म्हणजे शिक्षण आणि नोकरी दोन्ही एकाच जातीत फिरत होतं. महाराजांनी वसतिगृहं काढली आणि २६ जुलै १९०२ ला हुकूम निघाला: यापुढे रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांना. महाराज स्वतः त्या वेळी इंग्लंडात होते.

आता एक गोष्ट सांगतो, जी या पॉडकास्टवर आजवर बोललो नाही. माझं बीटेक राखीव जागेवर झालं. ऑफिसात 'मेरिट'चा विषय निघाला की मी मोबाइल काढून बसायचो.

मग कागलचा संबंध उरला कुठं? आजोबांनीच सांगितलं, "माणगाव बघितलंसा का?" माणगाव तेव्हा कागल जहागिरीत, आणि जहागीरदार होते महाराजांचे धाकटे भाऊ बापूसाहेब. २१ आणि २२ मार्च १९२० ला तिथं अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष डॉ. आंबेडकर. महाराज स्वतः आले आणि जमलेल्या लोकांना म्हणाले, तुम्हाला तुमचा पुढारी सापडला आहे. बाबासाहेबांचं वय तेव्हा २८ होतं.

मीही २८ चा आहे राव. एक राजा सगळ्यांसमोर उभा राहून एका तरुणाची बाजू घेतो, आणि मला जेवणाच्या टेबलावर स्वतःची बाजू घेता येत नाही!

गेल्या आठवड्यात तो विषय पुन्हा निघाला. या वेळी मोबाइल खिशातच ठेवला. म्हटलं, "मी राखीव जागेवरून आलोय. ही व्यवस्था का आली ते सांगू?" आणि ७१ पैकी ६० हा आकडा सांगितला. दोघं गप्प झाले, एकानं वाद घातला, आणि एक मुलगी नंतर येऊन हळूच म्हणाली, "मी पण."

तर मंडळी, जन्मस्थळ बघायचं तर बावड्याला जावा. पण कागलच्या चौकात एक चहा घ्याच. भेटू पुढच्या भागात!