ऋण सोडण्याची शिकवण : ख्रिस्ती धर्म आणि दुरावलेले आप्त

घरजमिनीच्या वाटण्या, मनाविरुद्ध झालेला विवाह, आईवडिलांच्या सांभाळावरून उद्भवलेली कटुता अशा कारणांनी तुटलेली नाती सर्वच समाजांत आढळतात. ख्रिस्ती धर्मात मात्र अशा आप्तांना क्षमा करणे हा केवळ मनाच्या मोठेपणाचा भाग राहत नाही. ती उपासनेची अट ठरते. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो, की वेदीपाशी अर्पण आणलेल्या माणसाला आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही राग आहे असे आठवले, तर त्याने अर्पण तेथेच ठेवून आधी भावाशी समेट करावा. येथे रुष्ट झालेला दुसराच आहे. तरीही पहिले पाऊल ज्याला आठवण झाली त्याने टाकायचे आहे.

शुभवर्तमानांच्या मूळ ग्रीक भाषेत क्षमेसाठी जे क्रियापद येते, त्याचा अर्थ 'सोडून देणे' असा असून ते कर्जमाफीसाठीही वापरले जाते. मत्तयाने दिलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत म्हणूनच अपराधांऐवजी 'ऋण' हा शब्द आहे आणि प्रचलित मराठी भाषांतरानेही तो राखला आहे. भावाला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा का, असे पेत्राने विचारले असता येशूने सत्तर वेळा सात असे उत्तर दिले. त्याला जोडून आलेला दाखलाही कर्जाचाच. दहा हजार तालांतांचे अफाट कर्ज माफ झालेला एक चाकर शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. एक दिनार म्हणजे त्या काळची मजुराची दिवसाची मजुरी. तेव्हा सोबत्याचे देणेही अगदीच क्षुल्लक नव्हते.

कौटुंबिक समेटाची बारकाईने सांगितलेली कथा मात्र जुन्या करारातील योसेफाची आहे. भावांनी वीस रुपयांना विकलेला योसेफ पुढे मिसर देशाचा अधिकारी होतो आणि दुष्काळात तेच भाऊ धान्यासाठी त्याच्यापुढे उभे राहतात. तो लगेच ओळख देत नाही. धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत चांदीचा प्याला लपवून तो त्यांची परीक्षा घेतो. बन्यामिनाच्या जागी आपण गुलाम होऊन राहतो असे यहूदा म्हणतो, तेव्हाच योसेफाला रडू आवरत नाही. वडील याकोब त्यानंतर मिसरात सतरा वर्षे जगला. त्याच्या मृत्यूनंतर भावांना पुन्हा सूडाची भीती वाटली आणि योसेफाला त्यांची दुसऱ्यांदा समजूत घालावी लागली. एकदा केलेली क्षमा घेणाऱ्याच्या मनात सतरा वर्षांनीही मुरली नव्हती, हा तपशील प्रवचनांत सहसा राहून जातो.

याकोब व एसाव या भावांची गोष्ट याहून वेगळी आहे. वीस वर्षांनी दोघे गळ्यात गळा घालून रडले. परंतु एसावाने सोबत येण्याचा आग्रह करूनही याकोब त्याच्यामागे सेईरास न जाता सुक्कोथकडे वळला. पुढे वडिलांना मूठमाती देण्यास दोघे एकत्र आले. समेट म्हणजे एका छपराखाली राहणे नव्हे, याचा हा जुना दाखला होय.

हा फरक आज विशेष महत्त्वाचा आहे, कारण क्षमेच्या नावाखाली मारझोड सोसण्याचा सल्ला घराघरांत दिला जातो. कॅथलिक चर्चची अधिकृत शिकवण तसे सांगत नाही. १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार जोडीदारापासून शरीरास वा आत्म्यास गंभीर धोका असल्यास वेगळे राहण्याचा अधिकार आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या कुटुंबविषयक पत्रात दुर्बल जोडीदाराच्या वा मुलांच्या रक्षणासाठी विभक्त होणे कधीकधी नैतिकदृष्ट्याही आवश्यक ठरते, असे मान्य केले. दुखावल्याची जाणीव पुसून टाकणे माणसाच्या हाती नाही, हेही कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ नमूद करतो.

पौर्वात्य परंपरांनी या शिकवणीला विधीचे रूप दिले. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये महाउपवासाच्या आदल्या रविवारी धर्मगुरूंसह सर्व जण एकमेकांची क्षमा मागतात. केरळातील सुरियानी ख्रिस्ती उपवासाच्या पहिल्या सोमवारी 'शुब्कोनो' हा विधी करतात. पतीपत्नी, सासूसून, भाऊभाऊ त्यात समोरासमोर येतात.

मराठी वाचकाला या विषयात लक्ष्मीबाई टिळक आठवल्यावाचून राहणार नाहीत. १८९५ मध्ये कवी नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाईंना काही वर्षे पतीपासून दूर, नातलगांच्या आधाराने काढावी लागली. त्या पतीकडे परतल्या त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. आरंभी त्यांनी आपले सोवळेओवळेही सांभाळले. बाप्तिस्मा त्यांनी १९०० मध्ये घेतला. म्हणजे त्यांच्या बाबतीत समेट आधी झाला आणि धर्म नंतर आला. १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'त त्यांनी टिळकांचा तापट स्वभाव आणि त्यापायी सोसलेले हाल हसतखेळत, पण काहीही न झाकता लिहिले आहेत.