कुत्र्याला वळण लावणे

पाळीव कुत्र्यापासून घरात, अंगणात व रस्त्यावर कोणाला त्रास होऊ नये आणि त्यालाही अपाय होऊ नये, यासाठी लावायच्या सवयी. शौचाची जागा, हाकेला येणे, पट्ट्यावर चालणे, पाहुण्यांशी वागणे आणि एकटे राहणे एवढ्या गोष्टी यात मोडतात. पोलिसी श्वानपथकांचे शिक्षण हा वेगळा विषय आहे. मुंबई पोलिसांचा ‘जंजीर’ हा लॅब्राडोर 1993 च्या बॉम्बस्फोटांनंतर स्फोटके हुडकून नावारूपाला आला आणि 16 नोव्हेंबर 2000 रोजी वारला. त्याच्या कामाचे कौतुक सर्वांना असते, पण तसली हुशारी घरच्या कुत्र्याकडून अपेक्षिलेली नसते. पाहुणा दारात आला की अंगावर न उडणारा कुत्रा घराला पुरतो, आणि तोही सहजासहजी तयार होत नाही. पुढील विवेचनात रायगड जिल्ह्यातील रोहा शहराजवळचे धाटाव समोर ठेवले आहे. येथे कुंडलिकेच्या काठी रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे, एका बाजूला गावठाण आहे, आणि पावसाळा चार महिन्यांचा आहे.

शब्द : मराठी घराला कुत्र्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या तीन शब्द पुरले. बोलवायला ‘यू यू’, हाकलायला ‘हाड’ आणि कोणाच्या अंगावर सोडायला ‘छू’. कुत्रा ओट्याखाली निजे, उरलेसुरले खाई, रात्री भुंके. त्याला ‘थांब’ किंवा ‘तोंडातले सोड’ सांगण्याची वेळ क्वचितच येई. तो उंबरठा ओलांडून आत आला आणि शब्दांची वाण पडली, ती ‘सिट’, ‘कम’, ‘नो’ यांनी भरून निघाली. भाषा कोणतीही चालते. कुत्र्याला एका कृतीसाठी एकच शब्द हवा असतो. बाबा ‘सिट’ म्हणतात, आजी ‘खाली बस रे सोन्या’ म्हणते आणि मुलगी नुसते बोट दाखवते, अशा घरातला कुत्रा मठ्ठ ठरतो. खरे तर घराचेच ठरलेले नसते. नियमांचेही तसेच. जेवताना ताटाजवळ येऊ द्यायचे नाही असे चौघांनी ठरवले आणि पाचव्याने पोळीचा तुकडा खाली टाकला, तर कुत्रा त्या पाचव्याचे ऐकतो. कधीमधी मिळणारे बक्षीस सवय अधिक चिवट करते, ही प्राणिवर्तनशास्त्रातली पक्की गोष्ट आहे.

दुसरा अडथळा इमानाच्या कल्पनेचा. रायगडावर शिवसमाधीजवळ वाघ्या कुत्र्याचे स्मारक आहे. त्याच्या ऐतिहासिकतेवरून वाद झाले, 2012 च्या ऑगस्टमध्ये पुतळा काढून टाकला गेला आणि पुन्हा बसवलाही गेला. वाद काहीही असो, कुत्रा म्हणजे इमान हे समीकरण मराठी मनात घट्ट आहे. इमान उपजत, मग वळणही उपजतच असेल असे धरले जाते, आणि पिल्लू चप्पल फाडते तेव्हा घराला विश्वासघात झाल्यासारखे वाटते. दात येणारे पिल्लू चावणारच. त्याला चावायला दुसरे काही द्यावे आणि चपला उचलून ठेवाव्यात.

पद्धत : कुत्र्याला धाकात ठेवावे हा सल्ला जुना आहे. त्याला शास्त्राचा आधार मिळाला तो पिंजऱ्यातील लांडग्यांच्या निरीक्षणांतून; रुडॉल्फ शेंकेल यांचा त्यावरील निबंध 1947 चा. लांडगा-संशोधक डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या पुस्तकाने ‘कळपाचा म्होरक्या’ ही कल्पना सर्वदूर नेली आणि पुढे मेक यांनीच ती सोडली. रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणून कुत्र्याला उताणे पाडून ‘मालक कोण’ हे शिकवणे आता कालबाह्य ठरले आहे. उपयोगी पडते ते साधेच. हवी ती कृती झाली की एक-दोन सेकंदांत खाऊ किंवा शाबासकी द्यावी. नको ती झाली की लक्षच देऊ नये. अंगावर उडणाऱ्याला ढकलणेही त्याला खेळच वाटतो. पाठ फिरवावी, चारही पाय जमिनीवर टेकले की मग बोलावे. पाच मिनिटांचे तीन धडे एका तासाच्या धड्यापेक्षा सरस.

वय 3 ते 14 आठवडे हा काळ सर्वांत मोलाचा असतो. या काळात दिसलेले आणि ऐकलेले कुत्र्याला पुढे ओळखीचे वाटते. नेमके याच काळात लसीकरण अपुरे असते, त्यामुळे पिल्लाला रस्त्यावर सोडता येत नाही. उपाय म्हणजे त्याला उचलून हिंडवणे. धाटावमध्ये कारखान्याचा भोंगा, टँकर, हेल्मेट घातलेला माणूस आणि रेनकोट हे सारे त्याने कडेवरून पाहून घ्यावे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते. ढोलताशांचा तो गजर नवख्या कुत्र्याला जवळून ऐकवू नये, लांबून आणि थोडा थोडा ऐकवावा. दिवाळीच्या फटाक्यांना मात्र अनेक कुत्री सरावत नाहीत. त्या रात्री खिडक्या लावून त्याला आतल्या खोलीत ठेवावे.

शौचाच्या बाबतीत वेळापत्रक हाच शिक्षक. पिल्लू अंदाजे महिन्यांच्या वयाइतके तास लघवी धरू शकते, तेही फार तर. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला ठरल्या जागी न्यावे आणि काम उरकताच तिथेच शाबासकी द्यावी. नाक घाणीत घासल्याने ते लपून करायला शिकते. पाळीवर जाणाऱ्यांच्या घरात मेख इथेच असते. माणसाची पाळी बदलली तरी कुत्र्याचे पोट बदलत नाही, म्हणून खाणे-फिरवणे घरात असणाऱ्याकडे सोपवावे. पावसात अनेक कुत्री पायरी उतरत नाहीत. पडवीच्या कडेला, पत्र्याखाली एक कोपरा जूनच्या आधीच सवयीचा करून ठेवलेला बरा. मुसळधार लागल्यावर शिकवणे म्हणजे दोघांचीही परीक्षा.

बाहेर पट्टा हवा, आणि ‘सोड’ हा शब्द पक्का हवा. कारखान्यांच्या भागात तोंडात काय जाईल याचा नेम नसतो, डबक्यातले किंवा नाल्यातले पाणीही पिऊ देऊ नये. उन्हाळ्यात डांबरावर हाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद टिकत नसेल तर पंजेही टिकणार नाहीत. रात्री कुत्र्याला अंगणात साखळीने बांधणे डोंगरालगतच्या वाड्यांवर धोक्याचे. मुरूड-रोहा तालुक्यांत पसरलेल्या फणसाड अभयारण्याच्या या टापूत बिबट्या आहे. सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे हिंडू-फिरू न देणे हा 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. उलट, पाळलेल्या जनावराकडून इजेचा धोका असताना निष्काळजी राहिल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते.

गुरगुरणे : याबद्दल घरोघरी चूक होते. गुरगुरणाऱ्याला मारले तर तो गुरगुरणे सोडतो, चावणे सोडत नाही. इशारा तेवढा जातो. ‘भुंकणारे कुत्रे चावत नाही’ या म्हणीवर विसंबून मुलांना जवळ जाऊ देऊ नये. एरवी शांत असलेला कुत्रा अचानक खेकसू लागला तर आधी पशुवैद्याला दाखवावे. पावसाळ्यात कानात झालेला संसर्ग किंवा गोचिडांचा ताप यांनी तो दुखावलेला असू शकतो. चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठावा, कुत्रा घरचा असला तरी.