तोफेचा पल्ला किती? पुरंदर, खांदेरी आणि अंतराळातली लढाई

आपल्या पॉडकास्टचा भाग ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोलताना अडखळलो तेवढं काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

विषय कुठून निघाला ते आधी सांगतो. गेल्या रविवारी मामेभाऊ वाशिंदला आमच्याकडे आला होता. अकरावीला आहे, सायन्सला. दोघं अंतराळयुद्धाचा एक सिनेमा बघत बसलो होतो. पडद्यावर दोन अवाढव्य जहाजं अगदी अंगाला अंग लावून उभी, एकमेकांवर लेझर सोडतायत आणि दहातले नऊ नेम चुकतायत. पोरगा म्हणाला, "दादा, ह्यांच्याकडे प्रकाशापेक्षा जोरात जाणारी इंजिनं आहेत, पण नेम धरायला एक धड कॉम्प्युटर नाही? आणि इतक्या जवळ मरायला कशाला जायचं? लांबूनच उडवायचं ना!"

मी हसलो, पण उत्तर पटकन देता येईना. रात्री गच्चीवर गेलो. वाशिंदच्या कुठल्याही गच्चीवरून दिसतो तसा समोर माहुलीचा डोंगर होता, बाजूला वजीरचा सुळका. आणि वाटलं, अरे, ह्या प्रश्नाचं उत्तर शोधायला अंतराळात जायची गरजच नाही. हा डोंगर एकदा ह्याच प्रश्नापायी हातचा गेला होता. तो कसा, ते शेवटी सांगतो. आधी मुळातला शब्द बघू. पल्ला.

जंजिऱ्याला गेला असाल तर कलालबांगडी तोफ पाहिली असेल. "हिचा पल्ला 12 किलोमीटर" हे वाक्य तिथे हमखास कानावर पडतं. आपण "बापरे" म्हणतो, फोटो काढतो, पुढे जातो. तो आकडा क्षणभर खरा धरू. पण 12 किलोमीटरवर ही तोफ मारणार कशाला? तोफेचं तोंड फक्त एक अंश इकडचं तिकडे झालं, तर तेवढ्या अंतरावर गोळा 200 मीटर बाजूला पडतो. होडी सोडाच, अख्खा ताफा त्या फटीतून निघून जाईल.

म्हणजे पल्ल्याचे अर्थ दोन. गोळा कुठवर जातो, हा एक. गोळा कुठवर लागतो, हा दुसरा. पहिला तोफेचा गुण आहे. दुसरा निम्मा तोफेचा आणि निम्मा समोरच्याचा. समोरचा जागचा हलू शकतो का? कधी, किती, कुठे हलेल हे तुम्हाला आधी कळतं का? आजच्या भागात एवढंच सांगायचंय. आता उदाहरणं घेऊ.

पहिलं उदाहरण, न हलणारं लक्ष्य. साल 1665. मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान पुरंदराला वेढा घालून बसलेत. पुरंदर एकटा नाही. त्याच्या शेजारीच, मध्ये एक खिंड सोडून, वज्रगड आहे. वज्रगड ज्याच्या ताब्यात, त्याच्या तोफांच्या तोंडाखाली पुरंदरची माची. जयसिंगाने हे बरोबर हेरलं आणि आधी वज्रगड धरला. त्यासाठी तोफा डोंगरावर चढवाव्या लागल्या. 'अब्दुल्लाखान' नावाची एक तोफ मोक्याच्या जागी पोचवायला तीन दिवस लागले. 'फतेहलष्कर' नावाच्या दुसऱ्या तोफेला साडेतीन.

आता गंमत बघा. ह्या तोफा काही फार अचूक नव्हत्या. तेव्हाची कुठलीच तोफ नव्हती. नळी आतून गुळगुळीत, गोळा नळीपेक्षा किंचित लहान, दारू दर वेळी थोडी कमी-जास्त. पण बुरूज पळून जात नाही ना! पहिला गोळा अलीकडे पडला, तोंड थोडं वर करा. दुसरा पलीकडे गेला, थोडं खाली करा. तिसरा लागतो. आणि एकदा लागला की मग दिवसभर तिथेच मारत राहायचं. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात ह्याला फीडबॅक लूप म्हणतात. रन करा, चूक बघा, सुधारा, पुन्हा रन करा. लक्ष्य जागेवर असेल तर अचूकता विकत घ्यावी लागत नाही, वेळ देऊन ती मिळवता येते. 14 एप्रिल 1665 ला वज्रगड पडला, आणि मग त्या उंचीवरून पुरंदरच्या माचीवर मारा सुरू झाला.

हेच पुढे रायगडावर झालं. मे 1818 मध्ये कर्नल प्रॉथरने समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून उखळी तोफांचा मारा केला, गडावरच्या वाड्याला आग लागली, आणि 10 मे ला रायगड गेला. किल्ल्याची ताकद त्याच्या जागेत असते, आणि त्याची कमजोरीही तीच. तो कुठे आहे हे सगळ्यांना कायमचं माहीत असतं.

दुसरं उदाहरण, हलणारं लक्ष्य. साल 1679. शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला. काम मायनाक भंडारींकडे. बेट थळच्या किनाऱ्यासमोर, मुंबई बंदरात ये-जा करणाऱ्या प्रत्येक जहाजावर नजर ठेवेल अशा जागी. मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली. त्यांनी बेटाला सागरी वेढा घातला.

18 ऑक्टोबर 1679 च्या पहाटे दौलतखानाचं आरमार त्यांच्यावर चालून आलं. इंग्रजांकडे आठ नौका: 'रिव्हेंज' ही मोठी फ्रिगेट, दोन गुराबा, तीन शिबाडं आणि दोन मचवे. मराठ्यांकडे साठच्या आसपास, बहुतेक लहान. मराठी नौकांच्या तोफा नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला असत. त्यामुळे सरळ अंगावर येत, पुढे मारा करत यायचं. अर्ध्या तासात 'डव्ह' ह्या इंग्रजी गुराबेने निशाण उतरवलं. दुसरी गुराब लांब राहिली, लहान नौका पळाल्या. उरली एकटी रिव्हेंज, आणि ती मात्र टिकली. इंग्रजी नोंदींप्रमाणे तिने पाच गलबतं बुडवली आणि बाकीचं आरमार खाडीकडे वळलं.

आता ह्यात शरम वाटून घेण्यासारखं काही नाही, गणित आहे. समुद्रावर तोफ हलत्या पाटावर उभी असते. लाटेने नाव एक अंश कलली, की 300 मीटरवर गोळा पाच मीटर वर किंवा खाली जातो. लहान नाव जास्त डोलते, जड जहाज कमी. म्हणून लहान नावेवरची तोफ लांबून लागतच नाही, तिला जवळ जावंच लागतं. आणि जवळ गेलं की मोठ्या जहाजाच्या कुशीतल्या तोफांची अख्खी रांग समोर. दिवसाउजेडी, मोकळ्या पाण्यात, रिव्हेंज भारी पडणारच होती.

पण मग खांदेरी पडली का? नाही! कारण खरी लढाई त्या सकाळची नव्हतीच. खरी लढाई रात्रीची होती. बेटावर दगड, दाणागोटा आणि माणसं पोचवायची. ते काम मराठ्यांच्या छोट्या वल्ह्यांच्या होड्या अंधारात, उथळ पाण्यातून करत राहिल्या. शिडाचं जहाज वाऱ्याला बांधलेलं असतं. वारा कुठला आहे कळलं, की ते कुठे जाऊ शकेल आणि कुठे नाही हेही कळतं. वल्ह्यांची होडी वाऱ्याला विचारत नाही. ती कधी, कुठून, कशी येईल सांगता येत नाही. रिव्हेंजच्या तोफांचा पल्ला रात्रीही तोच होता, पण लागायला समोर काही हवं ना. पुढे जंजिऱ्याचा सिद्दीही मदतीला आला, त्यानेही बेटावर मारा केला, शेजारची उंदेरी बळकावली. तरी खांदेरी उभी राहिली आणि 1680 च्या सुरुवातीला इंग्रजांनी तह करून वेढा उठवला.

आता चला अंतराळात. सिनेमातली अंतराळयुद्धं मुळात अंतराळातली नसतातच. जहाज, कॅप्टन, ताफा हे सगळे शब्द आरमाराचे. आणि 1977 च्या 'स्टार वॉर्स'मधल्या लढायांसाठी जॉर्ज लुकासने दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या झटापटींचं चित्रण नमुना म्हणून वापरलं होतं. म्हणून पडद्यावरचं अंतरही तेच, वैमानिकाला समोरचं विमान डोळ्यांनी दिसेल एवढं.

खरं गणित काय? मोबाईलवर नेमबाजीचा गेम खेळणाऱ्यांना हे लगेच कळेल. पिंग जास्त असला की काय होतं? तुम्ही समोरच्याच्या डोक्यात गोळी मारता, पण तो केव्हाच तिथून गेलेला असतो. तुम्हाला दिसत होता तो जुना तो. अंतराळात हा पिंग कुठल्याही कंपनीला कमी करता येत नाही, कारण तो प्रकाशाच्या वेगाचा आहे.

समजा शत्रूचं जहाज 3 लाख किलोमीटरवर आहे, चंद्रापेक्षा थोडं अलीकडे. दिसतंय ते एक सेकंद जुनं. तुमचा लेझर पोचायला आणखी एक सेकंद. एकूण दोन. तेवढ्यात त्या जहाजाने 1 जी त्वरणाने, म्हणजे हातातून सुटलेला दगड खाली येतो तेवढ्या जोराने, कुठेही बगल दिली तर ते अंदाजापेक्षा 20 मीटर बाजूला असेल. जहाज 100 मीटरचं असेल तर तरीही लागेल. आता अंतर दहापट करा. दोनाचे वीस सेकंद झाले, आणि बगल झाली जवळपास दोन किलोमीटर. अंतर दहापट, चूक शंभरपट! वेळेचा वर्ग होतो ना.

लेझरऐवजी गोळा घेतला तर आणखी पंचाईत. सेकंदाला 10 किलोमीटर जाणारा गोळा, अंतर फक्त 1,000 किलोमीटर. पोचायला 100 सेकंद. तेवढ्यात समोरचा 49 किलोमीटर सरकू शकतो. वाशिंदवर नेम धरलात, आणि माणूस ठाण्याच्याही पुढे!

शिवाय खांदेरीचा तो एक अंश इथेही पाठ सोडत नाही. एका अंशाचे 3,600 भाग केले आणि त्यातल्या एकाच भागाची चूक झाली, तरी 3 लाख किलोमीटरवर नेम जवळपास दीड किलोमीटरने हुकतो. आणि लेझरचा झोत सुईसारखा राहतो हाही सिनेमाचाच समज. तो पसरतो. 1969 मध्ये अपोलो 11 च्या अंतराळवीरांनी चंद्रावर आरसे ठेवले, त्यांच्यावर आजही पृथ्वीवरून लेझर सोडतात. चंद्रावर पोचेपर्यंत तो झोत काही किलोमीटर रुंद झालेला असतो.

म्हणजे मामेभावाला उत्तर हे, की "लांबूनच उडवायचं" हे समोरचा गप्प उभा राहणार असेल तरच जमतं. तो बगल देऊ शकत असेल तर जवळ जावं लागतं. फक्त सिनेमातलं जवळ काही शे मीटरचं असतं, गणितातलं काही हजार किलोमीटरचं निघेल.

इथे एक शंका येईल. मग 27 मार्च 2019 ला भारताने 'मिशन शक्ती'त उपग्रह कसा पाडला? जवळपास 300 किलोमीटर उंचीवर, ताशी 27 हजार किलोमीटरहून जास्त वेगाने जाणारा उपग्रह, आणि क्षेपणास्त्र थेट त्याच्यावर जाऊन आदळलं. एक तर ते वाटेत स्वतःची दिशा सुधारत होतं, म्हणजे फीडबॅक लूप त्याच्यासोबतच निघाला होता. पण दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. उपग्रह कितीही जोरात जात असला तरी त्याची कक्षा आधीच माहीत असते. तो वेळापत्रकाने चालतो, आपल्या कसारा लोकलपेक्षा कितीतरी काटेकोर. म्हणजे वेग असूनही तो किल्लाच. आणि वल्ह्यांची होडी त्याच्यापुढे गोगलगाय असली तरी ती खरी हलणारी. वाचवतो तो वेग नव्हे. वाचवतं ते, समोरच्याला अंदाज न येणं.

आता माहुली. पुरंदर डोळ्यांदेखत जातोय आणि माणसं हकनाक मरतायत हे पाहून महाराजांनी जून 1665 मध्ये तह केला. 23 किल्ले मोगलांना द्यायचे ठरले. त्या यादीत माहुली आहे, पळसगड आहे आणि भंडारगडही आहे. हे तिन्ही म्हणजे माझ्या गच्चीवरून दिसणारा हा एकच डोंगर. त्या वेढ्यातला एकही गोळा इथे पडला नव्हता. वज्रगड इथून सरळ रेषेत दीडशे किलोमीटर लांब.

तो डोंगर परत घ्यायला मात्र अंगावरच जावं लागलं. किल्लेदार मनोहरदास गौडने 1670 मधला पहिला हल्ला परतवला, आपली पुष्कळ माणसं पडली. त्याच वर्षी जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी माहुली घेतली. तेव्हा पुढच्या वेळी कुठल्या गडावर कुणी "हिचा पल्ला अमुक किलोमीटर" म्हणालं, की फोटो जरूर काढा. पण तिच्यासमोर कोण उभं होतं आणि त्याला जागचं हलता येत होतं का, एवढंही विचारा.

मामेभावाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे दादा, सिनेमातले नेम चुकतात ते बरोबरच आहे?" म्हटलं, हो रे, फक्त इतक्या जवळून नाही. भेटू पुढच्या भागात. तुमच्या गच्चीवरून कुठला किल्ला दिसतो, ते नक्की कळवा.